मृगातला मेघ आणि दशमग्रह

जावयाला आपल्याकडे दशमग्रह म्हणतात. नऊ ग्रहांसाठी होम आहेत, जप आहेत, खडे आहेत. दहाव्याला मात्र उतारा नाही, असा त्याचा भावार्थ. इतर घरांत ही म्हण जावयाच्या पाठीमागे वापरतात. आमचे सासरे यज्ञेश्वरशास्त्री यांनी ती थेट माझं नाव म्हणून वापरायला काढली. "दशमग्रह आले का बँकेतून?" "दशमग्रहांना चहा द्या." बावीस वर्षांत त्यांनी मला उल्हास म्हणून हाक मारलेली मला आठवत नाही. मला वाटतं, त्यांना ते नाव माहीत असावं, कारण लग्नाच्या पत्रिकेत छापलं होतं.

मी मूळचा अकोल्याचा. बँकेच्या नोकरीत काशीला बदली होऊन आलो, शास्त्रीबुवांची मधुरा पाहिली आणि इथलाच झालो. मी घरजावई नाही. दुर्गाघाटावर सासऱ्यांच्या घरात खालच्या मजल्यावर राहणारा जावई आहे. या दोहोंत फरक आहे आणि तो मी अजून लोकांना समजावतो आहे.

अण्णांचं, म्हणजे सासऱ्यांचं, सगळं आयुष्य ज्योतिष शिकवण्यात गेलं. भविष्य सांगण्याचं नव्हे, गणिताचं ज्योतिष. कुठलं नक्षत्र कुठे, ग्रहण कधी लागणार, हे ते पाटीवर काढून दाखवायचे. अशा माणसासमोर बँकेतला मनुष्य म्हणजे फारच सामान्य वस्तू. मी एकदा त्यांना चक्रवाढ व्याजाचं कोष्टक दाखवलं होतं, तर त्यांनी त्यातली एक चूक काढून दिली.

तर या अण्णांचं कार्तिकात सहस्रचंद्रदर्शन झालं. माणसाने आयुष्यात हजार पौर्णिमेचे चंद्र पाहिले की हा सोहळा करतात. रामघाट, ब्रह्माघाट, सगळीकडचे मराठी लोक जमले होते. ओवाळून झालं, जेवणं झाली, आणि अण्णा दोन शब्द बोलायला उभे राहिले.

"हजार चंद्र पाहिले म्हणून तुम्ही मला शालजोडी दिलीत," ते म्हणाले. "खरं सांगायचं तर शेवटची काही वर्षं मी एकही पाहिला नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दर पौर्णिमेला ही खिडकीत उभी राहायची आणि सांगायची, 'उगवला हो', की मी हात जोडायचो. तेव्हा ते चंद्र हिच्या नावावर मांडा."

लोक हसले. 'ही' म्हणजे माझ्या सासूबाई. त्या वाढण्याच्या गडबडीत होत्या. नाव इंदू, पण ते फक्त रेशनकार्डावर. अण्णा त्यांना आयुष्यभर 'ही' आणि 'अगं' एवढ्यावरच भागवत आले.

"आता ऑपरेशन झालं, डोळे परत मिळाले," अण्णा पुढे म्हणाले. "चंद्र बघून झाला. आता एकदा मृग नीट बघायचाय. प्रजापती हरीण होऊन पळाला, रुद्राने बाण मारला, तो बाण अजून पोटात रुतलाय, ही गोष्ट मी साठ वर्षं पोरांना सांगतोय. त्या बाणाखाली काहीतरी धूसर दिसतं. मी त्याला जखम म्हणायचो. ती एकदा जवळून बघावी असं वाटतं."

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण बासुंदी झाली होती, समोर माणसं होती, आणि दुर्दैवाने आदल्याच आठवड्यात मी मोबाइलवर त्याच विषयावरचा व्हिडिओ पाहिला होता. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "अण्णा, ती जखम नाही. तो तेजोमेघ आहे. प्रचंड वायूचा ढग. त्याच्या मध्ये एक तारा आहे, त्याच्यामुळे तो सगळा ढग उजळतो. हा बघा!" आणि मी मोबाइलवरचं चित्र सगळ्या पंगतीत फिरवलं. गुलाबी, जांभळं, नववधूच्या शालूसारखं. "मृग मावळायला लागायच्या आत मी तुम्हांला हा प्रत्यक्ष दाखवीन. हा माझा शब्द!"

टाळ्या पडल्या. अण्णांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बघू या. दशमग्रहांनी शब्द दिलाय." मधुराने कपाळाला हात लावला.

दुर्बीण ऑनलाइन मागवली. मागवणं सोपं होतं. दुर्गाघाटाच्या गल्लीत मोटार येत नाही, स्कूटर आली तर ती श्रद्धेवर येते. दुर्बीण आणणाऱ्या माणसाने मला चौकातून फोन केला, मंदिराजवळून केला, दुसऱ्या मंदिराजवळून केला, आणि शेवटी "भइया, यहाँ सब घर पर एके नाम लिखा है, शिव" म्हणून खोकं एका पानवाल्याकडे ठेवून निघून गेला. खोकं एवढं मोठं की गल्लीच्या वळणावर ते वळेना. वळणावर नेहमीचा सांड बसला होता, त्याला उठवायची कोणाची प्राज्ञा नव्हती. तो आपण होऊन उठेपर्यंत मी खोक्याला टेकून उभा राहिलो. तेवढ्या वेळात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने चौकशी केली. निम्म्या गल्लीला वाटलं गीझर आहे, उरलेल्यांनी अण्णांच्या तब्येतीची काळजी केली.

शेजारचे गिरिजाशंकर चौबे मात्र खोकं बघताच उठून आले. चौबेजींचा दिवस ओट्यावर जातो आणि गल्लीत जे घडतं त्याला त्यांची संमती लागते. "का गुरु, दूरबीन हौ?" त्यांनी खोक्यावर हात फिरवला. "बढ़िया किया। लेकिन जाली में से क्या देखिएगा?"

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. माकडांपायी आमच्या अख्ख्या गच्चीला लोखंडी जाळी आहे. काशीत माणसं पिंजऱ्यात राहतात आणि माकडं बाहेरून बघायला येतात. चौबेजींच्या गच्चीला तेवढी जाळी नाही, कारण त्यांच्या मते "बंदर भी अपने ही मुहल्ले के आदमी हैं।" त्यांनी तिथल्या तिथे आपलं छत मला देऊन टाकलं.

दुर्बीण जोडली, आणि सरावासाठी मी ती दिवसाच इकडेतिकडे फिरवून पाहिली. त्यात सगळं उलटं दिसतं. पहिलं दर्शन झालं ते चौबेजींच्याच मिशांचं, खाली डोकं वर पाय. पण दोन दिवसांत मधुरा भाजीवाल्याकडून बातमी घेऊन आली की बँकवाले साहेब कर्ज थकवलेल्यांची घरं दुर्बिणीतून हेरताहेत. समोरच्या तीन घरांनी खिडक्या लावून घेतल्या. ज्या गृहस्थाला मी मागच्याच महिन्यात फ्रिजचं कर्ज मंजूर केलं होतं, त्याने तर खिडकीत चादर बांधली. मी आयुष्यात कोणाच्या पासबुकात डोकावलो नाही, आणि माझी ही अब्रू!

आता दिवस ठरवायचा. मी अण्णांना विचारलं, "मृग रात्रभर आकाशात कधी असतो?"

"मार्गशीर्ष पौर्णिमेला," अण्णा म्हणाले. "सूर्य मावळला की तो उगवतो. महिन्याला नावच त्याच्यावरून."

वा! दत्तजयंतीचा दिवस. शुभ, सोयीचा, सगळे एरवीही घरी येणारच. मी सर्वांना आमंत्रण दिलं. जन्माचं कीर्तन झालं, सुंठवडा झाला, आणि सगळी मंडळी शाली-कानटोप्या घालून चौबेजींच्या छतावर चढली. गंगेच्या पलीकडच्या रेतीवरून मृग वर आला. आणि त्याच्याशेजारी, अगदी मांडीला मांडी लावून, परातीएवढा पूर्ण चंद्र वर आला.

चंद्राच्या उजेडात मेघ कसला दिसतो! मी दुर्बीण फिरवली, पुसली, तिच्यावर फुंकर मारली. आत नुसतं दूध सांडल्यासारखं पांढरं. ब्रह्माघाटचे एक काका म्हणाले, "मोबाइलमध्ये चांगलं दिसत होतं." मग सगळ्यांनी चंद्र पाहिला, चंद्र छान आहे असं मला समजावलं आणि सुंठवड्याची पुडी घेऊन आपापल्या घरी गेले.

"अण्णा," मी कळवळून म्हणालो, "तुम्हांला माहीत होतं?"

"मार्गशीर्षाची पौर्णिमा मृगाच्या आसपासच होते, म्हणून तर तो मार्गशीर्ष," अण्णा शांतपणे म्हणाले. "तुम्ही विचारलंत मृग रात्रभर कधी असतो. ते मी सांगितलं. त्याच्या पोटातलं कधी दिसेल, हे कुठे विचारलंत?" आणि ते माझा हात धरून जिना उतरले. मला फार लागलं. लागलं ते त्यांच्या बोलण्याचं नव्हे. चढताना ते जिना अक्षरशः लहान मुलासारखे भरभर चढले होते, आणि उतरताना एकेक पायरी चाचपत उतरले.

दुर्बीण रात्री छतावरच राहिली. सकाळी मी आणायला गेलो तर पाण्याच्या टाकीवर एक माकड बसलं होतं, आणि त्याच्या हातात दुर्बिणीचा आयपीस होता, म्हणजे डोळा लावायची ती भिंगाची नळी. त्याने ती आधी दाताखाली घातली, मग कानाला लावली, मग डोळ्याला लावून माझ्याकडे पाहिलं. मी केळं दाखवलं. त्याने केळंही घेतलं आणि आयपीसही घेतला, आणि रामघाटाच्या दिशेने निघून गेलं. "हनुमान जी को चढ़ गया समझिए," चौबेजी म्हणाले. डब्यात दुसरा एक आयपीस होता, पण तो कमी ताकदीचा. मी नवा मागवला.

दुसरी अडचण दिव्याची. घाटावरच्या खांबावरचा मोठा दिवा सरळ चौबेजींच्या छतावर पडतो. तो एक तासभर बंद ठेवावा, असा साधा अर्ज घेऊन मी संबंधित कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

"लाइट नहीं जल रही?"

"जल रही है."

"तो शिकायत क्या है?"

"यही कि जल रही है."

त्यांनी चष्मा काढला. "देखिए, न जलने की शिकायत होती है। जलने की शिकायत आज तक आई नहीं। इसका कोई कॉलम नहीं है।" मी त्यांना तेजोमेघाबद्दल सांगितलं. त्यांनी सहानुभूतीने ऐकून घेतलं आणि मला पाणी दिलं. बाहेर पडताना एका कारकुनाने हळूच विचारलं की या मेघाने मुलीच्या लग्नाचा योग कळतो का.

चौबेजींना मी ही हकिगत सांगितली तेव्हा ते पान थुंकायला उठले, म्हणजे विषय गंभीर होता. "आप दफ़्तर काहे गए? हमसे कहते। दिन बताइए बस।"

दिवस अमावास्येचा हवा, एवढं मी आता शिकलो होतो. मधुरा म्हणाली, "अमावास्येला कोणी शुभ काम करतं का? दिमाग ठिकाणावर आहे ना?" त्यावर अण्णाच वरच्या मजल्यावरून म्हणाले, "लक्ष्मीपूजन कधी करतेस?" तेव्हा ते मिटलं. लगेचची अमावास्या पंधरा दिवसांच्या आतच होती. तोवर नवा आयपीस येणार नव्हता, आणि डिसेंबरात बँकेत मान वर करायची सोय नसते. म्हणून मी स्वयंपाकघरातल्या मराठी कॅलेंडरात पाहून त्यापुढची धरली, आणि चौबेजींना सांगितलं, "पौष अमावस्या."

"पूस की अमावस? पक्का?"

"पक्का."

"तो बाकी हम पर छोड़िए."

तारीख दोघांनीही उच्चारली नाही. आमच्या गल्लीत तिथीने बोलतात. तारखेने बोलणारा मनुष्य कोर्टकचेरीचा समजला जातो.

पुढचे काही दिवस मी निवांत होतो. एका शनिवारी बँकेतून लवकर आलो, तर चौबेजींच्या छतावर मांडववाले बांबू चढवत होते. बघता बघता छताच्या चारी बाजूंनी उंच कनाती लागल्या. खाली भट्टी पेटली. कचौड्यांचा वास आमच्या घरात शिरला.

"चौबेंकडे लग्न आहे वाटतं," मी म्हणालो.

"खरमासाचा अशुभ महिना चालू असताना लग्न कसं असेल?" मधुरा म्हणाली. "साखरपुडा असेल."

"आपल्याला बोलावणं नाही?"

"नाही आलं बुवा."

मला हे फार झोंबलं. महिनाभर या माणसाच्या छतावर मी जातोय, त्याच्या मिशा मी उलट्या पाहिल्यात, आणि घरच्या कार्याला साधं तोंडी आमंत्रण नाही! एकेक करून अख्खी गल्ली चौबेंच्या दारात शिरत होती. खिडकीला चादर बांधणारासुद्धा शिरला. मी गुडघ्यांना तेल लावून, कानटोपी घालून, खिडकीकडे पाठ करून बसलो. तेवढ्यात जिन्यावरून अण्णा आणि सासूबाई उतरले. अण्णांच्या अंगावर सहस्रचंद्रदर्शनाची शाल, सासूबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलेलं.

"चौबेंकडे जातोय," अण्णा म्हणाले. "तुम्ही येताय ना?"

"आम्हांला बोलावणं नाही," मी म्हणालो. आवाजात जेवढा मान आणता येईल तेवढा आणला.

अण्णांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं, कानटोपीकडे पाहिलं. "बरं," म्हणाले आणि गेले. सासऱ्यांनाही बोलावणं आहे, मला नाही! मी मधुराला सांगून टाकलं की या चौबेंचं छत आपल्याला नको, दुर्बीण विकून टाकू. ती म्हणाली, "आधी पिठलं खा."

पहिला घास तोंडात गेला आणि वरून चौबेजींची आरोळी आली. ती गंगेपलीकडे ऐकू गेली असेल.

"अरे ओ उल्हास बाबू! कहाँ हौआ? पूरा मुहल्ला अगोरत हौ! दूरबीन ले के आवा!"

अख्खी गल्ली माझी वाट बघतेय म्हणे! मी खिडकीत गेलो. "आज कैसे? पौष अमावस्या तो अगले महीने है!"

कनातीवरून दहाबारा डोकी वर आली. "अगिला महीना?" चौबेजी म्हणाले. "भइया, आज पूस की अमावस न हौ त का हौ?"

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्हां मराठी माणसांचा महिना अमावास्येला संपतो, काशीच्या लोकांचा पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पक्षात ते आमच्यापेक्षा एक महिना पुढे असतात. आमची मार्गशीर्ष अमावास्या, तीच त्यांची पौष अमावास्या. हे काशीतल्या मराठी पोराला मुंजीच्या आत कळतं. मला बावीस वर्षांत कळलं नव्हतं, कारण माझे सगळे सण मधुरा सांभाळते. म्हणजे ज्या कार्याला बोलावणं नाही म्हणून मी दोन तास फुगून बसलो होतो, ते माझंच कार्य होतं. कनाती माझ्या होत्या. दिवा बंद होईना म्हणून चौबेजींनी छतालाच भिंती घातल्या होत्या.

दुर्बिणीची नळी मधुराने उचलली, तिवई मी, आणि तेलाच्या गुडघ्यांनी मी चौबेंचा जिना चढलो. नवा आयपीस अजून आला नव्हता. कमी ताकदीचा होता तोच खिशात टाकला. वर पाऊल टाकलं आणि थांबलो. चारी बाजूंना कनाती, आत काळोख, आणि वर पश्चिमेच्या वाऱ्याने धुकं झाडून नेलेलं चौकोनी आभाळ. त्यात मृग असा स्पष्ट उभा होता की पाय मोजावेत.

दुर्बीण लावली. मी डोळा लावला. मेघ होता. पण गुलाबी नव्हता, जांभळा नव्हता. राखाडी होता. मी ज्यांना मोबाइलवर शालू दाखवला होता, त्यांच्यासाठी आत विझलेल्या उदबत्तीचा धूर होता.

चौबेजी यजमान, पहिला मान त्यांचा. त्यांनी पाहिलं, पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि म्हणाले, "ई त धुआँ हौ।" मागे कोणीतरी हसलं. त्या क्षणी मला वाटलं की आणखी बावीस वर्षं आपण दशमग्रहच. खरं सांगतो, माझं हसं झालं असतं तर मी पचवलं असतं. पण अण्णांना एवढ्यासाठी दोनदा जिना चढायला लावला, हे मला सहन होत नव्हतं.

अण्णांनी चष्मा काढून सासूबाईंच्या हातात दिला आणि वाकले. ते इतका वेळ वाकून राहिले की मधुराने त्यांच्या कमरेला हात लावला. खाली कचौड्या तळल्याचा आवाज तेवढा येत होता.

"हिरवट आहे," अण्णा म्हणाले.

मी घाईने पुढे झालो. "अण्णा, मला तर राखाडी दिसतो."

"तुमची भिंगं जुनी आहेत, माझी या भाद्रपदात बसवलेली. हिरवट आहे, नव्या दूर्वेसारखं. पंख पसरलेत दोन्हीकडे. आणि मधे एक तारा म्हणालात ना? चार आहेत. लहान मुलाच्या खाटेचे खूर असावेत तसे."

मी पाहिलं. चार होते. महिनाभर डोकं खपवून मला ते दिसले नव्हते.

"हा उजेड चौघांचा?"

"जवळजवळ एकाचाच," मी म्हणालो. हे व्हिडिओत होतं, आणि मला ते पाठ होतं. "त्यांतला जो सगळ्यांत तेजस्वी आहे त्याचा. चंद्र नुसता सूर्याचा उजेड परत पाठवतो, तसं हे नाही. त्या ताऱ्याचं तेज लागलं की तो वायू स्वतःच प्रकाशायला लागतो. आणि अण्णा, तिथे नवे तारे जन्माला येतात."

अण्णा सरळ झाले. "म्हणजे साठ वर्षं मी पोरांना चुकीचं सांगितलं. ही जखम नव्हे. ही बाळंतिणीची खोली आहे." आणि ते हसायला लागले. अण्णा मोठ्याने हसतात हे त्या गल्लीत कोणाला माहीत नव्हतं. त्यांचं पाहून सगळेच हसायला लागले.

मग त्यांनी पुन्हा एकदा डोळा लावला. "एवढा पसारा उजळलाय," ते स्वतःशीच म्हणाले, "आणि उजळवणारा दिसतो केवढासा." त्यांनी मान वळवली. सासूबाई मागे, कनातीला टेकून, त्यांचा चष्मा पदराने पुसत उभ्या होत्या.

"इंदू," अण्णा म्हणाले. "इकडे ये. तू बघ."

मधुराने माझा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठला. जन्मापासून तिने वडिलांच्या तोंडून आईचं नाव ऐकलं नव्हतं. सासूबाई पुढे आल्या, पण लाजून दुर्बिणीऐवजी चौबेंच्या कुटुंबाकडेच बघत राहिल्या. अण्णांनी त्यांच्या खांद्याला धरून नळीपाशी उभं केलं. "घाई करू नकोस. आधी चार चांदण्या शोध. मग त्यांच्याभोवती बघ. दिसला?"

त्यांनी पदर सावरून डोळा लावला. मग सासूबाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "उगवला हो."

पुढे रात्री जेवणापर्यंत सगळी गल्ली रांगेत होती. खिडकीला चादर बांधणाऱ्याने तीनदा पाहिलं आणि फ्रिज छान चाललाय असं मला आपणहून सांगितलं. चौबेजी दर पाहणाऱ्याला बजावत होते, "धुआँ नहीं है। प्रसूति-गृह है। सर झुका के देखिए।" मी कचौड्या किती खाल्ल्या ते मधुराला माहीत आहे. शाबासकी काही मिळाली नाही, पण त्या दिवशी मला तिची आठवणही झाली नाही.

माझी पौष अमावास्या त्यानंतर महिन्याने आली. इथे तिला मौनी अमावास्या म्हणतात. स्नानाला लाखो माणसं लोटली होती, घाटावर लाउडस्पीकरवर हरवलेल्यांची नावं पुकारत होते आणि धुकं असं की आपला हात आपल्याला दिसेना. नवा आयपीस आला होता, तेव्हा केवळ शब्दाला जागायचं म्हणून मी संध्याकाळी दुर्बीण घेऊन चौबेंच्या छतावर चढलो. तर तिथे अण्णा आणि सासूबाई आधीच येऊन बसले होते. दोघांच्या अंगावर मिळून एक शालजोडी होती.

"बाण इथे," सासूबाई धुक्यात बोट दाखवून सांगत होत्या, "त्याच्याखाली त्या चार, आणि मग ते हिरवं हिरवं..." अण्णा डोळे मिटून मान डोलवत होते.

मी दुर्बीण खाली ठेवली. "अहो अण्णा, आज काही दिसायचं नाही."

"दुर्बिणीतून नाही दिसायचं," अण्णा म्हणाले आणि शाल सावरून जरा सरकले. "बसा, उल्हासराव. इंदू, पहिल्यापासून सांग, जावईबापू आलेत."

मी बसलो, आणि सासूबाईंनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.